गिऱ्हाईक उद्धट की मी? पुस्तकाच्या दुकानातून संशोधनाच्या प्रश्नापर्यंत



पेटची तयारी करणाऱ्या बऱ्याच जणांचा मला एकच प्रश्न असतो : "ताई, विषय कसा शोधायचा?" आज त्याचं उत्तर एका उदाहरणातून देते. उदाहरण माझंच आहे, आणि त्यात मी फारशी शहाणी दिसत नाही. पण चुकीचा प्रश्न बरोबर कसा होतो हे त्यातून नीट कळतं, म्हणून सांगते.

तुमच्यापैकी अनेक जण शिकता शिकता काम करता. कुणी मेडिकलमध्ये, कुणी झेरॉक्सच्या दुकानात, कुणी मॉलमध्ये. मी एम.ए. करताना पुण्यात अप्पा बळवंत चौकातल्या एका पुस्तकाच्या दुकानात काउंटरवर होते. उद्धट गिऱ्हाइकांशी कसं वागायचं हा तेव्हा माझ्यासाठी रोजचा प्रश्न होता. पुढे तोच अभ्यासाचा झाला. म्हणून या लेखात दोन गोष्टी येतील : याबद्दल संशोधन काय सांगतं, आणि असा रोजचा त्रास संशोधनाच्या प्रश्नात कसा बदलायचा.

जून महिन्यातला एक दिवस

ज्यांनी जूनमध्ये तो चौक पाहिला आहे त्यांना गर्दी सांगायला नको. शाळा सुरू होण्याच्या आसपासचे दिवस. पालकांच्या हातात शाळेने दिलेली यादी, बाहेर पाऊस, गाडी लावायला जागा नाही, आणि आत काउंटरसमोर तीन-तीन रांगा. त्यातच महाविद्यालयाची मुलं आणि स्पर्धा परीक्षावाले.

अशा गर्दीत एक गृहस्थ आले आणि त्यांनी एक जाडजूड पुस्तक काउंटरवर आपटलं. "हे काय विकता तुम्ही लोकांना? अक्कल आहे का?" पुस्तकात एक फर्मा गायब होता. म्हणजे मधली सोळा पानं नव्हतीच. मी भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवलं : एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही. त्यावर त्यांचा आवाज आणखी चढला. "तुझ्याशी बोलून उपयोग नाही, कुणी मोठा माणूस आहे का इथं?" रांगेतली सगळी माणसं माझ्याकडे बघायला लागली.

मालक गल्ल्यावरून उठून आले, दोन शब्द बोलले, आणि पुस्तक बदलून दिलं. मग मला म्हणाले, "सॉरी म्हण काकांना." मी म्हटलं.

त्या रात्री मी एक वही केली. उद्धट गिऱ्हाइकांची वही. तारीख, वेळ, काय बोलले, मी काय केलं. तीन-चार महिन्यांत चाळीसेक नोंदी झाल्या. पुढे पीएचडीचा विचार सुरू झाला तेव्हा वाटलं, विषय तर हातातच आहे! मोठ्या उत्साहाने शीर्षक लिहिलं : "ग्राहकांच्या उद्धट वर्तनाची कारणे व परिणाम : एक चिकित्सक अभ्यास". आणि वही घेऊन गाईडकडे गेले. (दुकानात गाईड म्हणजे वेगळंच पुस्तक, हे पुण्यातल्या वाचकांना सांगायला नको. दोन्हींचं काम सारखंच, पण आमच्या मॅडम तयार उत्तरं देत नाहीत.)

मॅडमनी वही शांतपणे वाचली आणि दोनच प्रश्न विचारले. पहिला : "उद्धट हे कोणी ठरवलं?" दुसरा : "या वहीत कोण नाहीये?"

पहिल्या प्रश्नाला मला एक महिना लागला. दुसऱ्याला त्याहून जास्त.

पहिला प्रश्न : उद्धट म्हणजे नक्की काय?

आपण "उद्धट" हा शब्द इतका सहज वापरतो की ती मोजायची गोष्ट आहे हेच विसरतो. माझ्या वहीतल्या काही नोंदी बघा :

१. फर्मा गायब असलेलं पुस्तक आणणारे गृहस्थ.
२. फोनवर बोलता बोलता न बघता पैसे काउंटरवर फेकणाऱ्या बाई.
३. पाऊण तास पुस्तकं चाळून, प्रत्येक पानाचा फोटो काढून, काही न घेता गेलेला मुलगा.
४. सुट्टे पैसे देताना हात धरून ठेवणारा माणूस.

मी चौघांनाही एकाच वहीत, एकाच शब्दाखाली टाकलं होतं. आता तुम्हीच सांगा, ही एकच गोष्ट आहे का? पहिले गृहस्थ रागावलेले आहेत, आणि रागाला कारण आहे. बाई बेफिकीर आहेत. मुलगा दुकानाच्या नियमाबाहेर वागतोय, पण कुणाचा अपमान करत नाही. आणि चौथा तर उद्धट नाहीच. तो छळ आहे. त्याला "उद्धट" म्हणणं म्हणजे त्याचा गुन्हा हलका करणं.

संशोधनात याच टप्प्याला संकल्पनेची व्याख्या म्हणतात. विद्यार्थी तो टप्पा एका परिच्छेदात उरकतात आणि तिथेच फसतात. लिन अँडरसन आणि ख्रिस्टीन पिअर्सन यांनी १९९९ मध्ये कामाच्या जागेवरच्या असभ्यतेबद्दल एक लेख लिहिला. या विषयात तो आजही पायाचा मानला जातो. त्यांची व्याख्या सोप्या भाषेत अशी : परस्पर आदराचे संकेत मोडणारं, कमी तीव्रतेचं असं वर्तन, ज्यामागे दुखावण्याचा हेतू आहे की नाही हे स्पष्ट नसतं.

शेवटचा भाग पुन्हा वाचा. हेतू स्पष्ट नसतो. पैसे फेकणाऱ्या बाईंना मला कमी लेखायचं होतं की फोनवर घरची काही वाईट बातमी चालू होती? मला माहीत नाही. वहीत मात्र मी लिहिलं होतं : "माजोरडी". म्हणजे मी वर्तन नोंदवलंच नव्हतं, माझा निकाल नोंदवला होता. तुमच्या क्षेत्रकार्याच्या वहीत ही चूक होऊ देऊ नका. काय घडलं ते एका रकान्यात, मला काय वाटलं ते दुसऱ्या रकान्यात. ही साधी सवय पुढे विश्लेषणाच्या वेळी फार वाचवते.

कुणाला विचारलं त्यावर उत्तर ठरतं

आता एक अभ्यास सांगते जो प्रत्येक नव्या संशोधकाने वाचावा असं मला वाटतं. खरं तर ती दोन अभ्यासांची जोडी आहे.

त्याआधी पद्धतीबद्दल थोडं. जॉन फ्लॅनगन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्ये "क्रिटिकल इन्सिडंट टेक्निक" म्हणजे निर्णायक प्रसंगांचं तंत्र मांडलं. त्याची मुळं दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी हवाई दलासाठी केलेल्या कामात होती. कल्पना सोपी आहे. लोकांना "तुमचं मत काय" असं न विचारता "असा एक नेमका प्रसंग सांगा" असं विचारायचं. काय झालं, कोण काय म्हणालं, शेवट काय झाला. असे शेकडो प्रसंग गोळा करायचे आणि त्यांची वर्गवारी करायची. (माझी वहीसुद्धा नकळत याच जातीची होती, फक्त कच्ची.)

मेरी जो बिटनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे तंत्र १९९० मध्ये विमानसेवा, हॉटेल आणि रेस्टॉरंटच्या ग्राहकांवर वापरलं. ग्राहकांकडून समाधान देणारे आणि असमाधान देणारे मिळून ६९९ प्रसंग जमा झाले. त्यांचे तीन गट पडले : सेवेत चूक झाल्यावर कर्मचारी कसा वागला, ग्राहकाच्या खास मागणीला त्याने कसा प्रतिसाद दिला, आणि कुणी न सांगता तो स्वतःहून चांगलं-वाईट काय वागला.

चार वर्षांनी, १९९४ मध्ये, बिटनर आणि सहकाऱ्यांनी तसाच अभ्यास त्याच तीन व्यवसायांमधल्या कर्मचाऱ्यांसोबत केला. या वेळी ७७४ प्रसंग मिळाले. आधीचे तिन्ही गट तर आलेच, पण एक चौथा गट नव्याने करावा लागला : त्रासदायक ग्राहक. दारू पिऊन आलेले, शिवीगाळ किंवा धक्काबुक्की करणारे, नियम मोडणारे, आणि कशालाच सहकार्य न करणारे. जवळपास पाचातला एक प्रसंग या गटातला होता.

ग्राहकांनी सांगितलेल्या ६९९ प्रसंगांत हा गट का नव्हता? कारण "मी त्या दिवशी कर्मचाऱ्याशी वाईट वागलो" असं सहसा कुणी सांगत नाही. आपलं वागणं आपल्याला परिस्थितीमुळे झालेलं वाटतं आणि समोरच्याचं वागणं त्याच्या स्वभावामुळे. फक्त ग्राहकांना विचारलं असतं तर त्रासदायक ग्राहक नावाची गोष्टच नाही असं वाटलं असतं. पण उलट बाजूही खरी आहे. फक्त कर्मचाऱ्यांना विचारलं तर कर्मचाऱ्यांचं स्वतःचं वागणं तसंच नजरेआड राहणार.

पुण्यात तर ही गोष्ट सांगायला लांब जायला नको. पुण्यातल्या दुकानदाराबद्दलचे विनोद आणि दुकानांतल्या पाट्या अख्ख्या महाराष्ट्रात फिरतात. त्या सगळ्यांत उद्धट कोण असतो? दुकानदार! गिऱ्हाईक बिचारं हसतं किंवा गुपचूप बाहेर पडतं. आणि मी त्याच पुण्यात, काउंटरच्या आतल्या बाजूने, उद्धट गिऱ्हाइकांची वही भरत होते. शहर तेच, काउंटर तेच, पण गोष्ट कोण सांगतंय त्यावर खलनायक बदलतो.

तात्पर्य पेटच्या भाषेत : नमुना निवड हा निव्वळ संख्येचा प्रश्न नाही. कोणाची बाजू नमुन्यात आहे, हाही नमुना निवडीचाच प्रश्न आहे. मुलाखतीत "तुमचे प्रतिसादक कोण?" असं विचारलं तर "शंभर ग्राहक" एवढ्यावर थांबू नका. ग्राहकच का, हे सांगता आलं पाहिजे.

हसू पगारात धरलेलं असतं

"सॉरी म्हण काकांना" यातला "सॉरी" मला आतून म्हणावासा वाटत नव्हता. तरी म्हटला, वर थोडं हसूनही दाखवलं. या गोष्टीला संशोधनात नाव आहे : भावनिक श्रम. समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉक्शील्ड यांनी १९८३ च्या "द मॅनेज्ड हार्ट" या पुस्तकात ही संकल्पना मांडली. त्यांनी अमेरिकेतल्या डेल्टा एअरलाइन्सच्या हवाई सेविकांचा अभ्यास केला, आणि जोडीला थकबाकी वसूल करणाऱ्या कर्मचाऱ्यांचाही. हवाई सेविकेने गोड वागणं हा कामाचा भाग, तर वसुलीवाल्याने दरडावणं हा कामाचा भाग. दोघांच्या भावना नोकरीच्या नियमांनी बांधलेल्या.

हॉक्शील्ड दोन प्रकार सांगतात. पहिला वरवरचा अभिनय : आत राग, चेहऱ्यावर हसू. दुसरा खोल अभिनय : आतली भावनाच बदलायचा प्रयत्न करायचा. "या माणसाच्या मुलाची उद्या परीक्षा असेल, सोळा पानं नाहीत म्हटल्यावर तो घाबरला असेल", असा विचार केला की राग खरंच थोडा उतरतो.

यातलं बरं कोणतं? हुलशेगर आणि शेवे यांनी २०११ मध्ये तीन दशकांच्या अभ्यासांचं एकत्रित विश्लेषण केलं. वरवरच्या अभिनयाचा संबंध थकव्याशी आणि ढासळलेल्या स्वास्थ्याशी सातत्याने दिसला. खोल अभिनयाचा तसा नाही, उलट ग्राहकाच्या समाधानाशी त्याचा चांगला संबंध दिसला. इथे संबंध हा शब्द मी मुद्दाम वापरतेय. यातले बरेच अभ्यास एकाच वेळी भरून घेतलेल्या प्रश्नावल्यांवर आधारलेले असतात. खोटं हसून माणूस थकतो, की थकलेला माणूसच खोटं हसतो, हे तेवढ्यावरून ठरत नाही. संशोधन पद्धतीच्या पेपरात सहसंबंध आणि कार्यकारणभाव यांतला फरक विचारतात, त्याला हे उदाहरण द्या.

मला मात्र खरा धक्का दिला तो ॲलिशिया ग्रँडी आणि सहकाऱ्यांच्या २००४ च्या अभ्यासाने. त्यांनी दोन ठिकाणच्या मिळून १९८ कॉल सेंटर कर्मचाऱ्यांचा अभ्यास केला. ग्राहकांकडून दिवसाला सरासरी दहा वेळा शाब्दिक आक्रमकता सहन करावी लागते असं त्यांनी सांगितलं. ज्यांना या प्रसंगांचा जास्त ताण वाटायचा ते वरवरचा अभिनय करायचे किंवा राग बाहेर काढायचे. ज्यांना कमी वाटायचा ते खोल अभिनय करायचे. आणि ताण कुणाला जास्त वाटतो याचा संबंध एका गोष्टीशी होता : कामात स्वतः निर्णय घ्यायची मोकळीक किती आहे.

हे वाचलं आणि मला तो जूनमधला दिवस आठवला. गृहस्थ ओरडत होते तेव्हा माझ्या हातात काय होतं? एक पाटी. पुस्तक बदलून द्यायचा अधिकार मला नव्हता, तो मालकांना होता. त्यांनी तो अर्ध्या मिनिटात वापरला आणि प्रश्न संपला. "तुझ्याशी बोलून उपयोग नाही" हे वाक्य अपमानाचं होतंच, पण ते खरंही होतं.

त्यात आणखी एक गंमत. सदोष वस्तू परत घ्यायला नकार देणं ही ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिलावर मुदत दिली नसेल तर तीस दिवसांची मुदत धरली जाते. सोळा पानं नसलेलं पुस्तक सदोषच. म्हणजे बरोबर बाजू गिऱ्हाइकाची होती, पद्धत चुकीची होती, आणि चुकीच्या पाटीच्या वतीने उभी होते मी. वहीत हे सगळं एका ओळीत होतं : "पुस्तक आपटलं. अत्यंत उद्धट."

दुसरा प्रश्न : वहीत कोण नव्हतं?

आता मॅडमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येते. खूप दिवस मला वाटत होतं उत्तर "मालक" असेल, किंवा "शांतपणे वागणारी गिऱ्हाइकं". तीही उत्तरं चूक नाहीत. पण एका रात्री वही चाळताना त्याच जूनच्या दिवसाची नोंद वाचली आणि त्या नोंदीनंतर काय झालं होतं ते आठवलं.

ते गृहस्थ गेल्यावर रांगेत पुढे एक मुलगी होती. बाहेरगावची असावी, पाठीवर मोठी सॅक, कपडे भिजलेले. ती म्हणाली, "ताई, मानसशास्त्राचं पुस्तक पाहिजे होतं. दुसऱ्या वर्षाचं."

मी विचारलं, "लेखक कोण?"

"माहीत नाही."

"प्रकाशन? पेपरचं नाव? अभ्यासक्रम जुना की नवा?"

तिने मोबाईल काढला, काहीतरी शोधायला लागली. मागे रांग होती. मी म्हटलं, "काही माहीत नसताना कशाला येता? आधी कॉलेजात विचारून या." आणि तिच्या खांद्यावरून मागच्या माणसाला हाक मारली. "बोला काका."

ती बाजूला झाली. थोडा वेळ दाराशी उभी राहिली आणि मग पावसात निघून गेली. तिने आवाज चढवला नाही, काही आपटलं नाही, म्हणून माझ्या वहीत ती आली नाही. पण तिने वही ठेवली असती तर तिच्या वहीत मी असते. दुकान मोठं होतं, मानसशास्त्राचं कपाट माझ्यापासून दहा पावलांवर होतं. दोन मिनिटांत तीन पुस्तकं तिच्यापुढे ठेवता आली असती. पहिल्यांदाच शहरात शिकायला आलेल्या मुलीला पेपरचं नाव पाठ नसणं हा काही गुन्हा नाही.

मला सॉरी म्हणायला लावलं होतं, आणि त्याची वसुली मी तिच्याकडून केली.

यावरही संशोधन आहे. अँडरसन आणि पिअर्सन असभ्यतेच्या चक्राबद्दल बोलतात : एकाच्या लहानशा उर्मटपणाला दुसरा उत्तर देतो आणि ते वाढत जातं. त्यात त्यांनी हेही मांडलं आहे की ते चक्र मूळ दोघांपुरतंच राहत नाही, दुसऱ्याच कुणावर तरी सांडू शकतं. २०१० मध्ये व्हॅन यार्सवेल्ड, वॉकर आणि स्कार्लिकी यांनी कॅनडातल्या कॉल सेंटरमध्ये केलेल्या अभ्यासात ग्राहकांचा उर्मटपणा आणि कर्मचाऱ्यांचा ग्राहकांशी उर्मटपणा यांचा संबंध तपासला. मधली साखळी होती कामाचा वाढलेला बोजा आणि त्यातून येणारा भावनिक थकवा.

हे वाचून "मग माझी चूक नव्हती" असं मला म्हणता आलं असतं. मला ते पटत नाही. कारण सापडलं म्हणून जबाबदारी जात नाही. आणि हाच न्याय मग त्या गृहस्थांनाही लावावा लागतो. तेही कदाचित कुठून तरी भरलेलेच आले असतील. तरी "अक्कल आहे का" हे शब्द त्यांचेच.

मग उद्या काउंटरवर काय करायचं?

जे आज दुकानात काम करत आहेत त्यांच्यासाठी, वाचनातून आणि अनुभवातून :

राग आणि अपमान वेगळे करा. राग बहुतेक वेळा वस्तूवर, नियमावर, रांगेवर असतो. आधी वस्तूबद्दल बोला : "दाखवा बरं, कुठली पानं नाहीत?" पाटीकडे बोट दाखवू नका. मी ते केलं होतं, आणि भांडण तिथूनच वाढलं.

मालकांशी शांत वेळी बोलून थोडा अधिकार मागून घ्या. जूनच्या गर्दीत नको, मे महिन्यात. "काका, खराब निघालेलं पुस्तक मी तुम्हाला न विचारता बदलून दिलं तर चालेल का?" मी हे पुढच्या वर्षी विचारलं. ते "चालेल की" म्हणाले. इतकं सोपं होतं, पण आधी कधी विचारलंच नव्हतं.

मोठा प्रसंग झाला की पुढचं गिऱ्हाईक घेण्याआधी एक मिनिट थांबा. पाणी प्या, मागे जाऊन एखादा गठ्ठा लावा, सहकाऱ्याला काउंटर द्या. हे तुमच्यासाठी आहे, पण रांगेतल्या पुढच्या माणसासाठी जास्त आहे.

छळाला समजून घेत बसू नका. हात धरणारा, अश्लील बोलणारा, मागे लागणारा यांच्यासाठी खोल अभिनय नाही. कामाच्या ठिकाणी महिलांचा लैंगिक छळ रोखण्याच्या २०१३ च्या कायद्यात, कामाच्या जागी संपर्कात येणाऱ्या बाहेरच्या व्यक्तींपासूनही सुरक्षितता देणं ही मालकाची जबाबदारी सांगितली आहे. गिऱ्हाईकही त्यात आलं. "गिऱ्हाईक देव असतो" हे वाक्य इथे लागू नाही. माझ्या चौथ्या नोंदीबद्दल मी तेव्हा कुणालाच सांगितलं नव्हतं. तुम्ही सांगा.

आणि विषयाचं काय झालं?

माझं पहिलं शीर्षक होतं "ग्राहकांच्या उद्धट वर्तनाची कारणे". त्यात उत्तर आधीच ठरलेलं होतं : उद्धट असतात ते ग्राहक. आता सिनॉप्सिसमध्ये प्रश्न असा आहे : लहान दुकानांत मालक, कर्मचारी आणि ग्राहक हे तिघे एकाच वादाचा प्रसंग कसा सांगतात, आणि निर्णयाचा अधिकार कोणाकडे आहे त्याने त्या सांगण्यात काय फरक पडतो?

फरक बघा. "उद्धट" हा शब्द प्रश्नातून गेला, त्याजागी "वादाचा प्रसंग" आला. एकाच्या जागी तीन बाजू आल्या. आणि तुलना करता येईल अशी एक गोष्ट आली : अधिकार. वर सांगितलेले अभ्यास विमानसेवा, हॉटेल, कॉल सेंटर अशा मोठ्या व्यवस्थांमधले आहेत. तिथे मालक कर्मचाऱ्याच्या शेजारी गल्ल्यावर बसलेला नसतो. अप्पा बळवंत चौकात असतो. तेव्हा तिथले निष्कर्ष इथे जसेच्या तसे लागतील असं गृहीत धरता येत नाही, तपासावं लागतं. संशोधनातली पोकळी अशी शोधायची. "भारतात यावर काम झालेलं नाही" असं शोध न घेता लिहायचं नाही. मुलाखतीत पहिला प्रश्न त्यावरच येतो.

नीतीचा मुद्दाही सांगायला हवा. ती जुनी वही मी विदा म्हणून वापरणार नाही. त्यातल्या लोकांनी संमती दिलेली नाही, आणि मी तेव्हा संशोधक नव्हते, चिडलेली कर्मचारी होते. ती वही फक्त प्रश्न कुठून आला हे आठवायला ठेवली आहे.

तुमच्यासाठी एक गृहपाठ. कामावर किंवा घरी वारंवार होणारा एक त्रास निवडा आणि त्याचे पाच नेमके प्रसंग लिहा. काय घडलं आणि काय वाटलं हे वेगवेगळ्या रकान्यांत. मग प्रत्येक प्रसंग समोरच्या माणसाच्या बाजूने, "मी" वापरून, पुन्हा लिहा. शेवटी स्वतःला विचारा : या पाचांत कोण आलेलंच नाही? विषय बहुधा तिथे सापडेल.

ती मुलगी मला पुन्हा कधी दिसली नाही. मी दुकान सोडेपर्यंत कुणीही लेखकाचं नाव न सांगता पुस्तक मागितलं की मात्र मी आधी कपाटाकडे जायचे, प्रश्न नंतर विचारायचे.

पुढच्या लेखात प्रश्नावली आणि मुलाखत यांतलं कधी काय निवडायचं ते बघू. शंका असतील तर नक्की कळवा.